विहीणबाईंचे दोन डबे

६ एप्रिल

विहीणबाईंच्या उजव्या चरणी नमस्कार. डाव्या गुडघ्याचे टाके अजून ओले आहेत असं कळलं, म्हणून त्या बाजूचा नमस्कार राखून ठेवला आहे.

एका घोर अन्यायाची दाद मागण्यासाठी हे पत्र. माझी खुर्ची गेली. गेली म्हणजे मोडली नाही की चोरीला गेली नाही. ती याच घरात, याच खिडकीपाशी, माझ्या डोळ्यांदेखत उभी आहे आणि तरीही ती माझी नाही. जिच्यात बसून मी आयुष्यभर वाचलं, पेंगलो आणि वर्तमानपत्राशी भांडलो, त्या खुर्चीचे हात नेमके अशा उंचीचे निघाले की बाळाला पाजताना आईचं कोपर त्यावर अलगद टेकतं. हा शोध तुमच्या सूनबाईंनी, म्हणजे माझ्या लेकीने, दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच लावला. तेव्हापासून मी स्टुलावर आहे. स्टुलाला पाठ नसते हे मला ठाऊक होतं. आपल्याला असते हे आता कळलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. या घराला दोन खोल्या आणि मधे एक पडदा. मी फोनवर जे बोलतो ते तुमच्याआधी लेकीला ऐकू जातं. आरोपीच्या समक्ष फिर्याद मांडण्याइतका मी शूर नाही.

आता मुख्य आरोपीविषयी. तुमच्या नातीला मी ‘सरकार’ म्हणतो, कारण कारभार तिचा चालतो आणि खुलासा ती कुणालाच देत नाही. सरकार सकाळी खुर्चीत, दुपारी खुर्चीत, आणि संध्याकाळी तर उठण्याचं नाव नाही. पितात, डुलकी काढतात, दचकून जागे होतात, पुन्हा पितात. काल न राहवून लेकीला म्हटलं, ‘अगं, ही जेवत नाही ती वेळ तरी कोणती?’ तर म्हणाली, ‘बाबा, तुमचे दिवसाचे चहा मी कधी मोजलेत का?’ मी स्टुलावर परत गेलो.

तुमचे चिरंजीव जहाजाच्या इंजिनखोलीतून फोन करतात तेव्हा मागे इतकी घरघर असते की ‘बाळ कसं आहे’ एवढंच कळतं, आणि आम्ही ‘छान’ एवढंच ओरडतो. संसार सुखाचा चालला आहे.

एक गोष्ट सांगून ठेवतो. लेकीने ठरवलंय की सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. जुलैत तिची रजा संपते. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात दिवसभर भिंगं तपासणारी बाई हे कसं जमवणार, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. तिची आई असती तर तिने विचारलं असतं. मी संस्कृतचा मास्तर. माझ्या वर्गात शेवटी एकच विद्यार्थी उरला होता, त्याने विषय बदलला, मग शाळेने मला बदललं. तेव्हापासून घरी बसून इतरांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. दूध या विषयात माझी गती चहापुरती आहे.

खुर्चीचा निकाल लवकर द्यावा.

पदच्युत,
तुमचा व्याही


१५ एप्रिल

शास्त्रीबुवा,

पत्र वाचून हसले. मग हसू थांबलं आणि पुन्हा वाचलं.

पोर सकाळी अंगावर, दुपारी अंगावर, संध्याकाळी उठायला तयार नाही, याचा अर्थ सरळ आहे. तिचं पोट भरत नाहीये. एवढी मोठी गोष्ट डोळ्यांसमोर चाललीये आणि तुम्ही खुर्चीसाठी गळा काढताय! पुरुषमाणसांना घरात आग लागली तर आधी आपला चष्मा कुठाय ते सुचतं.

निश्चय चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण निश्चयाने पोटं भरली असती तर मी शिवणयंत्रं विकून टाकली नसती का? माझ्या कारखान्यात बारा बायका शाळेचे गणवेश शिवतात, त्यातल्या आठ आया आहेत. एकीचंही कामावर आल्यावर दूध टिकलेलं मी पाहिलं नाही. सूनबाईंनी आत्ताच सवय लावलेली बरी, नाहीतर जुलैत बाळ आणि आई दोघी रडतील.

पार्सलने दोन डबे पाठवतेय, पावडरच्या दुधाचे. चांगल्यातले आहेत. झाकणावर गुटगुटीत बाळ आहे. पाणी उकळून घ्यायचं, चमचा सपाट भरायचा, शिगोशीग नाही, आणि उरलेलं ठेवायचं नाही. हे सगळं मला झोपेतही सांगता येतं, तुमचे जावई असेच वाढलेत. सूनबाईंना सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

गुडघ्याचा डॉक्टर म्हणतो, जिने इतक्यात नाही. नाहीतर मीच आले असते आणि तुमची खुर्चीसुद्धा सोडवली असती.

तुमची विहीण


३ मे

विहीणबाई,

डबे सुखरूप पोहोचले. आम्ही तितके सुखरूप नाही.

पार्सल लेकीनेच उघडलं. मला वाटलं, हसेल. तिने दोन्ही डबे टेबलावर नीट ओळीत ठेवले, डब्यांसोबतची तुमची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, ‘हिचं पोट भरत नाही असं आईंना कुणी सांगितलं?’

‘मी खुर्चीबद्दल लिहिलं होतं,’ मी म्हणालो.

‘आणि त्यांनी काय वाचलं?’

ती चिडली असती तर मी निर्धास्त झालो असतो. चिडलेली लेक मला ओळखीची आहे. तिने चिठ्ठीची घडी घातली आणि डब्याखाली सरकवली. संध्याकाळी सरकार नेहमीसारखे खुर्चीला चिकटले तेव्हा ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी कारखान्यात भिंगाकडे बघत असेल: चरा आहे, फक्त अजून सापडत नाही.

पुढे सल्लागार मंडळ भरलं. शेजारच्या मावशी डबे बघून म्हणाल्या, ‘सासूने पाठवलेत ना? अनुभवी बाई, उगाच पाठवेल का? आणि हे बघ, बडीशेपेचं पाणी सुरू कर, त्याने दूधही वाढतं आणि पोटही साफ राहतं.’ पाणी आईला द्यायचं की बाळाला, हे विचारेपर्यंत त्या पायऱ्या उतरल्या होत्या. औषधाच्या दुकानात मी तापमापक आणायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, ‘काका, नोकरी करणाऱ्या सगळ्या ताई हाच डबा नेतात. आधीच नेलात तर बाळ लवकर रुळतं.’ मी काही विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात लेकीने पहिली बाटली दिली. सरकार ती गटागटा प्याले आणि दगडासारखे झोपले. मला क्षणभर आनंद झाला, खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात लेक म्हणाली, ‘बघा बाबा. भूकच होती.’ त्या आवाजानंतर मी खुर्चीत बसू शकलो नाही.

मग एका बाटलीच्या दोन झाल्या. सरकार खुर्चीकडे कमी जाऊ लागले. आणि आता लेक म्हणते, दूध खरंच कमी झालंय. आधी नव्हतं झालं, विहीणबाई, आता झालंय. मी जुने वैद्यकग्रंथ उघडले. दूध पाण्यात टाकून पाहावं, एकजीव झालं तर उत्तम, असं तिथे लिहिलं आहे. ते पुरतं की नाही हे कशात टाकून पाहावं, ते माझ्या वाचनात कुठे आलं नाही.

तुमचा हेतू मला ठाऊक आहे, म्हणून रागावत नाही. पण माझ्या एका फालतू विनोदापासून आणि तुमच्या दोन डब्यांपासून हे सुरू झालं, आणि आपण दोघं वडीलधारी म्हणवतो. तुम्ही तिला एक ओळ लिहाल का? डबे परत मागवा, असं नाही म्हणत. तिच्यात काही खोट आहे असं तुम्हाला वाटत नाही, एवढंच लिहा.

व्याही


११ मे

शास्त्रीबुवा,

पत्र आधी रागाने वाचलं. मग कारखान्यात यंत्रं सुरू असताना वाचलं, तिथे राग ऐकू येत नाही.

माझा मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात सगळी बाळं एका खोलीत ठेवायचे आणि आया दुसऱ्या. घड्याळ बघून बाळ आणून द्यायचे. मधल्या वेळात तिथल्या बायका त्याला बाटली पाजायच्या, त्यामुळे माझ्याकडे यायचा तो झोपलेला. मी त्याचे तळपाय टिचकीने हलवायचे, तो तोंड वाकडं करून पुन्हा झोपायचा. छाती दगड झाली होती. पुढे दगड उतरला, तेव्हा दूधही गेलं. घरी आले तर सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, ‘हिला दूधच नाही.’ माझ्यासमोर. भाजी निवडता निवडता. जसं काही मीठ संपलं आहे.

मग त्याला ताप आला की ‘डब्यावरचं पोर’. परीक्षेत कमी गुण पडले की ‘डब्यावरचं पोर’. दार लावताना बोट चेमटलं तेव्हाही, बुवा! आता सहा फुटांचा आहे, हाताने बोल्ट फिरवतो. पण अजून त्याला सर्दी झाल्याचं कळलं की मी यंत्र थांबवून फोनपाशी बसते.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला तुमची खुर्ची नाही दिसली, माझी खाट दिसली. मला वाटलं, ही पोरगी उद्या असंच ऐकून घेईल. कुणी तोंड उघडायच्या आत सासूकडूनच डबा गेला, तर कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. मला कुणी मानाने दिला नाही, मी हिला मानाने द्यावा. हा हिशोब होता. चुकला. कापड उलटं कापलं गेलं की सगळ्यात आधी कात्री खाली ठेवायची असते, तशी ठेवली.

सूनबाईंना निराळी चिठ्ठी लिहिली आहे, सोबत आहे. त्यात एवढंच आहे की नातीचे फोटो बघितले, गालांवर घड्या आहेत, असे गाल उपाशी पोराचे नसतात. माझ्याबद्दलचं वर जे लिहिलंय ते तिला सांगू नका. सासूचं रडगाणं सुनेच्या बाळंतपणात कशाला?

आणि तिला एखाद्या समजूतदार डॉक्टरकडे न्या. दुकानदाराकडे नाही.

खुर्ची तिची. अपील नाही. पाठीमागे उशी द्या.

विहीण


२० जुलै

विहीणबाई,

उशी दिली. वरच्या कोर्टाचा निकाल मान्य.

मधे बरेच दिवस लिहिलं नाही, कारण घरात सगळं बरं चाललं होतं आणि बरं चाललेलं लिहिताना माझी लेखणी अडते. तुमची चिठ्ठी लेकीने वाचली आणि आरशाच्या कडेला खोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, ‘चला बाबा, बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.’

डॉक्टरीणबाईंनी सरकारांना तोललं, उलटं केलं, सुलटं केलं. डबे येण्याआधीचं वजन पाहिलं, नंतरचं पाहिलं, आणि विचारलं, ‘लंगोट किती ओले होतात?’ लेक माझ्याकडे बघू लागली, कारण धोबी मी. म्हटलं, ‘बाई, दोरी पुरत नाही.’

‘डबा सुरू करण्याआधी?’

‘तेव्हाही शेजारच्यांची उसनी घेत होतो.’

‘मग दूध पुरतच होतं,’ त्या म्हणाल्या. ‘या वयात बाळं संध्याकाळी अशीच धरणं धरतात. जेवढं ओढतील तेवढं पुढे तयार होतं. बाटलीने पोट भरलं की ओढायचं कशाला?’ बायको गेल्यानंतर प्रथमच माझ्या धुण्याला कुणी पुरावा म्हणून मान दिला.

मग बाटली हळूहळू कमी केली. ते दिवस सोपे नव्हते. सरकार रुसत, लेक रडकुंडीला येई, मी चहा करी. पण खुर्ची पुन्हा दिवसभर भरू लागली, आणि आपली जागा दुसऱ्याने बळकावल्याचा असा निर्भेळ आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. जूनअखेर डबा बंद. तुमचे दोन्ही केव्हाच संपले होते, नंतर आणलेल्यातलं उरलेलं टाकून दिलं.

आता खरी अडचण. लेक कामावर जाऊ लागली. सकाळी पाजून जाते, संध्याकाळी आल्यावर दार लावायच्या आत पाजायला बसते. मधल्या वेळेसाठी आदल्या दिवशी काढलेलं दूध फ्रिजमध्ये असतं. ते कोमट पाण्यात वाटी ठेवून ऊन करायचं आणि चमच्याने पाजायचं, असा हुकूम आहे. बाटली नको, नाहीतर पुन्हा खुर्ची रुसेल. हुकूम स्पष्ट आहे. सरकारांना तो मान्य नाही. माझ्या हातात चमचा दिसला की ओठ असे मिटतात, जसे माझ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न विचारल्यावर मिटत. मी गाऊन पाहिलं. त्यांनी मान फिरवली, त्यात त्यांचा दोष नाही. शेवटी शब्दरूपं म्हणू लागलो. ‘देवः’ला दुर्लक्ष, ‘देवौ’ला तोंड उघडतं. द्विवचनाचा हा उपयोग मी वर्गात कधी सांगितला नव्हता. पण अर्धी वाटी माझ्या सदऱ्यावर जाते, आणि ते दूध आहे कुणाचं! एक थेंब सांडला तरी मी अपराध्यासारखा फरशीकडे बघत राहतो.

कारखान्यात ती दूध काढते कुठे, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, ‘जागा आहे.’ ‘कसली जागा?’ ‘बाबा, तुम्ही आपली मुद्रितं बघा.’ डब्यात बर्फ घालून छोट्या बाटल्या आणते. तुम्हाला शिवणकारखाना माहीत आहे. असल्या ठिकाणी अशी जागा असते का हो?

आणि चमच्याचं काहीतरी सांगा.

सांडलेला,
व्याही


२८ जुलै

शास्त्रीबुवा,

असल्या ठिकाणी अशी जागा नसते. माझ्याही कारखान्यात नव्हती. तुमचं पत्र वाचून मी उभी राहिले (गुडघ्यासकट) आणि बघितलं. कापडाचे तागे ठेवायची कोठी आहे, तिला पडदा लावला. आठ आयांपैकी एकीचं बाळ लहान आहे. ती आधी म्हणाली, ‘बाई, मला नको, सगळ्या हसतील.’ म्हटलं, ‘हसू देत, मी पण हसते, तू जा.’ आता जाते.

चमच्याचं सांगते. सूनबाईंचा दिवसभर वापरलेला, न धुतलेला कपडा खांद्यावर घ्या आणि पोरीला त्या बाजूला धरा. तिचा वास आला की ती तुमचा चेहरा चालवून घेईल. भूक लागून रडायच्या आधी पाजा. रडायला लागल्यावर नाही. चमचा सोडा, लहान वाटीच ओठांना टेकवा, दूध तोंडात ओतू नका, ती जिभेने चाटून घेईल. घाई करू नका. आणि ते संस्कृत चालू ठेवा. कंटाळा आला की लवकर पिईल.

जिने चढायला लागले. सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे येते आहे. राहणार आहे. मला पाठ असलेलं कुठलंही आसन चालेल.

विहीण


१२ सप्टेंबर

विहीणबाई, आता दोन्ही चरणी नमस्कार, कारण दोन्ही पाय जिने चढणार आहेत.

कपड्याची युक्ती पहिल्याच दिवशी चालली. लेकीची ओढणी खांद्यावर टाकून मी वाटी टेकवली, सरकारांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, ओढणीकडे बघितलं, आणि तडजोड केली. तेव्हापासून सदरा कोरडा आहे. शेजारच्या मावशी खिडकीतून म्हणाल्या, ‘काका, ओढणी शोभते हो.’ म्हटलं, ‘मावशी, पदाची वस्त्रं आहेत.’

आता कारखान्याची हकिकत ऐका, ती कळल्यापासून मी एकटाच हसतो आहे.

तिथे एक अंधारखोली आहे. भिंगावर बारीक चरा आहे का हे काळोखात, एका दिव्यापुढे धरून बघतात. आत काम चालू असलं की बाहेर लाल दिवा लावायचा, मग दार कुणीही उघडायचं नाही, सुपरवायझरसुद्धा नाही. तुमच्या सूनबाई लाल दिवा लावून, बाटली घेऊन तिथे बसत. रोज जेवणाच्या सुट्टीआधी, नंतर, आणि चहाच्या वेळी. कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

सुपरवायझरने मात्र पाहिलं. गृहस्थ शिस्तीचे आहेत. त्यांना वाटलं, ही बाई रजेवरून आल्यापासून प्रत्येक गठ्ठा पुन्हा पुन्हा अंधारात नेऊन तपासते. त्यांनी महिनाभर कौतुक मनात ठेवलं आणि मग भर सभेत बाहेर काढलं. ‘या ताईंकडून शिका! इतर लोक भिंग एकदा बघतात. या किती वेळा अंधारखोलीत जातात ते पाहिलंत?’ आणि फळ्यावर लिहून टाकलं की आजपासून सर्वांनी प्रत्येक पाळीत अशीच फेरतपासणी करावी.

मग खोलीपुढे रांग लागली. काम तुंबलं. ज्यांना भिंगात चरा दिसेना ते आत जाऊन डुलक्या काढू लागले. आणि ज्यांच्यासाठी ती खोली खरी गरजेची, त्या बाईंना रांगेत उभं राहावं लागलं. लेकीच्या अंगावरचा कपडा भिजला, तेव्हा भिंगं घासणाऱ्या एका बाईने, जिने हे केव्हाच ओळखलं होतं, रांगेतूनच हाक मारली, ‘साहेब, हिला आधी जाऊ द्या. ती भिंगं नाही तपासत, बाळाचं दूध काढते. तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का, बाळं काय पितात ते?’

लेक म्हणते, सगळी रांग हसली आणि साहेबांचे कान लाल दिव्यासारखे झाले. तिला वाटलं, आता नोकरी गेली. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘म्हणजे फेरतपासणी होत नव्हती?’

‘नाही, साहेब.’

‘आणि तरी परत आलेल्या भिंगांत तुमचं एकही नाही?’

‘नाही, साहेब.’

‘मग फेरतपासणी बंद.’ फळा पुसला. दुसऱ्या दिवशी अंधारखोलीच्या दाराला आतून कडी होती, आणि बाहेर साहेबांच्या अक्षरात वेळा लिहिल्या होत्या: या वेळात खोली ताईंची. कशासाठी, ते लिहिलेलं नाही. शिस्तीचा माणूस लाजला तरी शिस्तीतच लाजतो. आता भिंगं रंगवणारी एक नवी आई विचारून गेली आहे, पुढच्या महिन्यात तिलाही वेळ मिळेल का.

सरकारांचे सहा महिने भरले. केळ्याचा गर खाऊ लागले आहेत, म्हणजे अर्धा खातात, अर्धा मला लावतात. दूध चालूच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून खुशाल चालू दे. घरात खरोखर सगळं ठीक आहे, विहीणबाई. तुम्ही याल तेव्हा तुम्हाला हसरं घर दिसेल. म्हणून तुम्ही येण्याआधीच हे लिहायला हवं, कारण पडद्याच्या या बाजूला मला ते बोलता येणार नाही.

ती घरी आली की बाटल्या डब्यातून काढते आणि एकेक बाटली दिव्यापुढे धरते. भिंग धरते तशी. किती आलंय ते बघते. भरपूर असलं की गुणगुणते. या आठवड्यात थोडं कमी आलं. बाटली नुसती जरा जास्त वेळ धरून ठेवली. त्या डब्याच्या आठवड्यांबद्दल ती अजून बोलत नाही. बाळ घरभर रांगू पाहतंय, गालांवर घड्या आहेत, आणि लेकीला मनात कुठेतरी अजून वाटतं की तेव्हा आपण नापास झालो.

मला बाळाची काळजी वाटत नाही. बाळाला वाटी आहे, केळं आहे, ओढणीतला आजोबा आहे. मला तिची भीती वाटते. हे दूध कधीतरी कमी होणारच, दोन महिन्यांनी असो की वर्षाने. कुठल्याही आईचं होतं. त्या दिवशी ती रिकामी बाटली दिव्यापुढे धरेल आणि स्वतःमध्ये चरा शोधेल. मी पलीकडच्या खोलीत बसलेला असेन आणि मला एक शब्द सुचणार नाही. तिची आई नाही. तुम्ही मे महिन्यात मला जे लिहिलंत, खाटेचं, तळपायांचं, ते तिला सांगू नका म्हणालात; मी सांगितलेलं नाही. पण विहीणबाई, ते तुम्ही स्वतः तिला सांगाल का? माझ्याने ते होणार नाही, आणि तिने ते एकटीने सोसावं हे मला बघवणार नाही.

व्याही